मानवी गोंगाट

हिंदुराव साळुंख्यांनी जन्मात एकदाच परदेशासाठी काम केलं, तेही पाटणच्या वरच्या अंगाला, आपल्याच गावच्या ओढ्यात बसून. काम सोपं होतं, कातळावर हातोडा मारायचा. त्यांची मुलगी वैजयंता ओढ्याच्या कडेने काळी केबल टाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती आणि म्हणत होती, "नाना, मारा."

"काय वाजवू?"

"काहीही वाजवा. माणूस हातोडा कसा मारतो, एवढंच यंत्राला शिकवायचंय."

काहीही म्हटलं की माणसाला काही सुचत नाही. नानांनी थोडा वेळ हातोड्याच्या दांड्यावरून हात फिरवला आणि मग त्यांना जे पाठ होतं तेच वाजवलं. ओळीने काही ठोके, मग तंबाखू मळून होईल एवढी विश्रांती, मग पुन्हा तितकेच ठोके.

वैजयंताला ते वाजवणं माहीत होतं. तिच्या जन्माआधी नाना घाटाखालच्या एका बोगद्यात ड्रिल मारायला होते. एक दिवस वरचा कातळ बसला आणि पाळीची सगळी माणसं आत राहिली. खाणी-बोगद्यांत राबणाऱ्यांची अशा वेळची एक रीत होती. ओरडायचं नाही, ओरडण्यात हवा जाते. ठोकायचं. जेवढी माणसं जिवंत तेवढे ठोके, मग थांबायचं, म्हणजे बाहेरच्याला मोजता येतं आणि आतल्याला त्याचं उत्तर ऐकता येतं. बाहेर कुणीतरी कातळाला कान लावून बसला होता, म्हणून नाना वर आले. सगळे नाही आले. पुढच्या वर्षी वैजयंता झाली.

बोगद्याने नानांना सोडलं, पण आतली धूळ त्यांच्या छातीत राहिली. आवाज बसला तो बसलाच. घरात ते कुणाला हाक मारत नसत, बोटाच्या पेराने भिंत ठोकत. वैजूचं सगळं लहानपण या ठोक्यांवर उठण्यात आणि पाण्याचा तांब्या नेऊन देण्यात गेलं. त्यामुळे त्या दिवशी ओढ्यात तिने नानांचं वाजवणं भरून घेतलं, फायलीला 'साळुंखे' असं नाव दिलं आणि म्हणाली, "झालं नाना. आता जगभर जाणार हे."

नाना खूश झाले. गावात कुणी विचारलं की ते सांगायचे, "माझं ठोकं फारेनला हाईत."

आता हे कशासाठी चाललं होतं, ते सांगायला हवं. जमिनीखालीही अणुबॉम्ब फोडून पाहायचा नाही, असा नवा करार बऱ्याच देशांनी मिळून केला होता. करार करणं सोपं, तो पाळला जातोय की नाही हे कळणं अवघड. मोठा स्फोट लपत नाही, त्याची थरथर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचते. पण मिठाच्या थरात खोलवर मोठी पोकळी कोरून तिच्या मधोमध लहान बॉम्ब फोडला, तर धक्का बराचसा आतच जिरतो. बाहेर पोचते ती कुजबुज, आणि ती रेल्वे, ट्रक, दगडखाणींचे सुरुंग यांच्या गदारोळात बुडून जाते.

यावरचा उपाय जमिनीत आधीच पुरलेला होता. इंटरनेटच्या केबलींत काचेचे तंतू असतात. त्यांच्या एका टोकातून लेझरचा प्रकाश सोडला की काचेतल्या बारीक बारीक दोषांवर आपटून त्यातला थोडा मागे फिरतो. जमीन किंचित जरी हलली तरी हा मागे फिरलेला प्रकाश बदलतो, आणि नेमकी कुठे हलली तेही कळतं. म्हणजे केबलीचा हात-दोन हातांचा तुकडा हा एकेक भूकंपमापकच झाला. थोडक्यात, जमिनीला कान आले.

पण कान आले ते इतके तिखट, की सगळंच ऐकू यायला लागलं. बॉम्बची कुजबुज शोधायची तर आधी माणसांचा आवाज ओळखून बाजूला काढायला हवा. त्यासाठी कराराच्या युरोपातल्या मुख्यालयात काम करणाऱ्या वैजयंताने एक प्रोग्रॅम लिहिला. त्याला ट्रक म्हणजे काय, जातं म्हणजे काय, हातोडा म्हणजे काय, हे हजारो नमुने ऐकवून शिकवलं आणि त्याचं नाव ठेवलं चाळण. मुख्यालयातले युरोपी लोक त्याला 'शालान' म्हणत, पण करारात नाव लागलं ते लागलंच.

सरकारांना चाळण फार आवडली. त्यात विज्ञानाचं कौतुक कमी आणि स्वतःची काळजी जास्त होती. आपले रणगाडे कुठे फिरतात, भुयारं कुठे खणली जातात, हे दुसऱ्याच्या कानावर पडावं असं कुठल्या सरकारला वाटेल? म्हणून करारात एक कलम आलं. चाळणीवर जे उरेल त्याला 'मानवी गोंगाट' म्हणावं. तो कुणी ऐकू नये, साठवू नये, आणि तपासणीला गेलेल्याने त्याबद्दल चकार शब्द काढू नये. या कलमाची बाजू खुद्द वैजयंताने भाषणांतून मांडली होती. कलम नसतं तर एकाही देशाने सही केली नसती, असं ती म्हणायची. ते खरंही होतं.

आपली गोष्ट ज्या देशात घडली त्याचं नाव इथे घेत नाही. करारात तपासणी होणाऱ्या देशाला 'यजमान' म्हणतात. आपणही तसंच म्हणू, निदान पाहुणचाराची लाज राहील.

यजमानांच्या डोंगराळ भागात एका सकाळी जमीन हादरली. लहान बॉम्बएवढा धक्का, आणि तोही मिठाच्या खाणीखाली. शेजारच्या देशाने लगेच चाचणी झाल्याची बोंब मारली आणि फौज सीमेवर आणून उभी केली. यजमान म्हणाले, खाण केव्हाची बंद आहे, छत आपोआप बसलंय, आत कुणी नव्हतं, या आणि बघून जा. करारानुसार होणारी ही पहिलीच तपासणी. पथकाची प्रमुख होती मार्गिट हाल्वोर्सन, नॉर्वेची, मोजकं बोलणारी बाई. भूकंपाचं सगळं काम वैजयंताकडे होतं.

यजमानांतर्फे पथकाबरोबर जो शास्त्रज्ञ दिला होता, तो ओस्तान. मुख्यालयात तो आणि वैजयंता एकत्र शिकले होते. तेव्हा तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तो पावाला लावून खायचा. या वेळी तिने त्याच्यासाठी एक पुडा नेला होता. त्याने तो घेण्याआधी इकडेतिकडे पाहिलं, आणि मगच खिशात टाकला.

काम झपाट्याने झालं. अणुस्फोट झाला तर खडकाच्या भेगांतून काही किरणोत्सारी वायू हळूहळू झिरपून वर येतात. हवेत आणि मातीत त्यांचा मागमूस नव्हता. दुसरी खूण केबलींची होती. यजमानांनी धक्क्याच्या वेळची त्या भागातली नोंद खुली केली होती. स्फोट झाला की चहूबाजूंची जमीन सगळ्यात आधी बाहेर ढकलली जाते. छत कोसळलं तर आधी आत ओढली जाते. इथे सगळ्या बाजूंनी ती आतच ओढली गेली होती. चाचणी झालेली नव्हती, खाण बसली होती.

मार्गिट पहिल्यांदा हसली. "दोन देशांचं युद्ध टळलं," ती म्हणाली, "आणि ते तुझ्या चाळणीने टाळलं."

वैजयंताला भरून आलं. वीस वर्षांच्या कष्टांचं, लग्नाचं राहून गेलं त्याचं, आई गेली तेव्हा विमान चुकलं त्याचंही, कुठेतरी चीज झाल्यासारखं वाटलं.

चाळण कुणाला काही ऐकवत नसे. पण ती नीट चालतेय की नाही हे पाहण्यासाठी वैजयंताने तिला एक लहानशी पाटी ठेवली होती. कुठल्या जागी, कुठल्या प्रकारचा गोंगाट, कुठल्या नमुन्यावरून ओळखून वगळला, एवढंच त्या पाटीवर उमटे आणि पुसलं जाई. कलम लिहिणाऱ्या वकिलांना या पाटीची कल्पनाच नव्हती. सामान आवरण्याआधी सवयीने तिने ती उघडली. ट्रक. जनरेटर. पथकाचीच पावलं. आणि बसलेल्या खाणीच्या बरोबर खाली, खोल: हातोडा, कातळावर. नमुना: साळुंखे.

आधी तिला वाटलं, यंत्र चुकलं. सैल झालेले दगड पडत असतील. पण दगड मोजून पडत नाहीत. पाटीवर एकेका ठोक्याची एकेक ओळ उमटत होती: सात ठोके, विश्रांती, सात ठोके. चाळण प्रत्येक वेळी इमानाने ओळखत होती आणि इमानाने पुसत होती.

 चोरून मीठ काढायला उतरले असतील बिचारे, असं तिने धरलं आणि ती ओस्तानकडे गेली.

"खाण बंद आहे," तो म्हणाला. "बंद खाणीत माणसं नसतात, वैजू."

"ठोकतायत ती. मोजून ठोकतायत."

त्याने तिला जनरेटरच्या शेजारी नेलं, जिथे दुसऱ्या कुणाला ऐकू येणार नव्हतं. "मी तोंड उघडलं तर आमच्या घरी कोण येईल, हे तुला माहीत नाही. तू बोल. तुला परतीचं विमान आहे."

मग ती मार्गिटच्या तंबूत गेली. मार्गिटने सगळं ऐकून घेतलं. ती काही निर्दय बाई नव्हती.

"तू हे ऐकलंस?"

"ऐकलं नाही. पाटीवर वाचलं. नमुना माझ्या वडिलांचा आहे, मला तो चुकायचा नाही."

"आज आपण हे बोललो, तर यजमान म्हणतील पथक हेरगिरी करतंय. अहवालावर सह्या व्हायच्या आत आपल्याला हाकलतील. मग शेजारी म्हणतील, हाकललं म्हणजे चाचणीच होती. त्यांची विमानं इंधन भरून उभी आहेत." तिने अहवाल बाजूला सारला. "खाली किती आहेत?"

"सकाळी सात होते. आत्ता पाच."

"सह्या उद्या दुपारी आहेत. झाल्या की त्याच क्षणी मी वर मुख्यालयाशी बोलते. मी स्वतः बोलते."

वैजयंताला नाही म्हणता आलं असतं. तिच्याकडे फोन होता, वार्ताहरांचे नंबर होते, परतीचं विमानही होतं. पण तिने गणित मांडलं. एका बाजूला पाच माणसं, दुसऱ्या बाजूला दोन देश. असं गणित मांडायला घेतलं तेव्हाच त्याचं उत्तर ठरलेलं होतं, आणि ते तिला ठाऊक होतं. शिवाय ओस्तानच्या कानावर आपण घातलंय, इथलाच माणूस आहे, तो काहीतरी करेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. ओस्तानही तिच्याबद्दल नेमकं हेच धरून बसला होता.

सह्यांना जाण्याआधी तिने पाटी पाहिली. दोन ठोके, विश्रांती, दोन ठोके. मोठ्या तंबूत यजमानांचे मंत्री आले, सह्या झाल्या, टाळ्या झाल्या, मिठाच्या स्फटिकांचे पेले भेट म्हणून वाटले गेले. परत येऊन तिने पाटी उघडली तेव्हा तिच्यावर फक्त ट्रक होते.

मार्गिट शब्दाला जागली. ती वर बोलली. वरून उत्तर आलं की बंद खाणीत माणसं नसतात.

गावात वैजयंताचा सत्कार झाला. कमानीवर तिचा फोटो, शाळेच्या मैदानात मांडव, शाल, श्रीफळ आणि तीन पुढाऱ्यांची तीच ती भाषणं. सरपंचांनी नानांनाही मंचावर बसवलं आणि त्यांच्या हातोड्याला हार घातला. नाना ताठ बसून होते. घरी आल्यावर त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि विचारलं, "खान बसली म्हनं ती. मग खालनं कुनी ठोकत न्हवतं न्हवं?"

"नाही नाना. बंदच होती खाण."

"मग बरं. म्हनलं इचारावं."

बापाशी ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली होती, आणि किती सहज जमलं याचंच तिला नवल वाटलं. नाना त्या दिवशी पोटभर जेवले.

वर्ष उलटायच्या आत यजमानांनी करार सोडला. सोडला आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याच डोंगराखाली बॉम्ब फोडून दाखवला. आता लपवायचं नव्हतंच, त्यामुळे तो चांगला दणदणीत फोडला. शेजाऱ्यानेही महिन्याभरात आपला फोडला. मग बाकीच्यांना थांबवणार कोण? मुख्यालयाला कुलूप लागलं. वैजयंता दोन बॅगा घेऊन गावी परत आली. चाळण मात्र बंद पडली नाही. खनिज तेल शोधणाऱ्यांपासून शहरांचे रस्ते सांभाळणाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी ती आधीच उचलली होती.

ओस्तान बायकापोरांना घेऊन देश सोडून पळाला आणि एका वाहिनीला त्याने मुलाखत दिली. ती मराठीतही लागली. नाना आणि वैजयंता दोघंही टीव्हीपुढे होते. ओस्तानचा चेहरा आणि एका भलत्याच माणसाचा गोड मराठी आवाज.

"खाणीत मीठ काढत नव्हते," तो आवाज म्हणाला. "बॉम्बसाठी पोकळी कोरत होते. दुसऱ्या प्रांतातून आणलेले मजूर होते, घरच्यांनाही ठावठिकाणा नव्हता. कोरताना छत बसलं. तपासणी आली तेव्हा ते जिवंत होते. बंद खाणीत माणसं कशाला, एवढा एक प्रश्न पथकाने अहवालात विचारला असता, तर चाचणीची तयारी तिथेच उघडी पडली असती. यंत्राला त्यांचे ठोके ऐकू आले होते. माझ्या एका मैत्रिणीने मला येऊन सांगितलंही होतं. आम्ही दोघं गप्प बसलो."

 माणसं वाचवायची की करार, असं वैजयंताने मनाशी मांडलं होतं. दोन्ही एकच होतं. बॉम्बची जी एकमेव खूण त्या डोंगरात होती, ती तिच्याच यंत्राने गोंगाट म्हणून पुसली होती, आणि पुसताना तिला दाखवलीही होती. ज्या कामासाठी ती जन्मभर राबली तेच काम तिच्या पाटीवर येऊन ठोकत होतं आणि तिने सह्यांची वाट पाहिली. स्वतःची तिला किळस आली.

नानांनी टीव्ही बंद केला. 

"त्यो मैत्रीन म्हनला, ती तू?"

"हो."

"यंतरानं वळखलं कसं, हातोडा हाय म्हनून?"

खोटं बोलायचं बळ आता तिच्यात नव्हतं. "तुमच्या ठोक्यांवरून, नाना. ओढ्यात भरून घेतले होते ते."

"म्हंजी म्या शिकीवलं त्याला."

"ओळखायला शिकवलंत."

"वळखून काय कराया?"

ती चहाच्या कपबशा उचलायला लागली.

"आगं, वळखून काय कराया?"

"टाकून द्यायला," ती म्हणाली.

 नानांच्या छातीत घरघर वाढली. मग त्यांनी विचारलं, "आता त्यातनं माझं काढता येतंय का?"

"नाही नाना. सगळीकडे पोचलंय ते."

"म्हंजी आता कुटंबी, कुनीबी खालनं ठोकलं..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. उठले, खुंटीवरची टोपी घातली आणि ओढ्याकडे निघून गेले. सत्काराचा हार घातलेला हातोडा त्या दिवसापासून घरात दिसला नाही. वैजयंताने विचारलंही नाही.

नाना तिच्याशी अबोला धरून बसले नाहीत. चहा दिला की घ्यायचे, भाजी काय करू विचारलं की सांगायचे. फक्त भिंत ठोकायचं त्यांनी बंद केलं. पाणी हवं असलं तर खोकत खोकत स्वतः उठून माजघरात यायचे, गोळ्या हव्या असल्या तर दारात येऊन उभे राहायचे, तिचं लक्ष जाईपर्यंत. वैजयंता आपल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायची. ठोका येईल, आज येईल, असं तिला रोज वाटायचं. जन्मभर ज्या आवाजाने ती उठली होती तो असा बंद झाल्यावर तिला घरात करमेना.

श्रावणातल्या एका सकाळी ती गिरणीत दळण टाकून आली. नाना अंघोळीला गेले असतील म्हणून तिने स्वयंपाकाला लागून भात टाकला, आमटीला फोडणी दिली. जेवायची वेळ झाली तरी ते आले नाहीत, तेव्हा ती मोरीकडे गेली. नाना ओल्या फरशीवर कुशीवर पडले होते. पाय वाकडा झाला होता, अंग गारठलं होतं, डोळे मात्र उघडे. मोरीची आणि स्वयंपाकघराची भिंत एकच. नानांचा उजवा हात त्या भिंतीला टेकलेला होता, आणि पलीकडे ती एवढा वेळ पोळपाट घेऊन बसली होती.

तिने टॉवेल पांघरला, डोकं मांडीवर घेतलं.  "नाना, भिंत हाताशी होती ना? ठोकलं का नाही? मी पलीकडेच होते. मला ऐकू आलं असतं."

नानांनी श्वास गोळा केला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर तिला सोसवलं असतं.

"तुला ऐकू आलं आसतं, ठाव हाय मला," ते म्हणाले. "ऐकू तर त्येंचंबी आलं व्हतं."

मग त्यांनी उठवण्यासाठी हात पुढे केला.